सोबत कोण आहे?

वॉर्डात रात्रीची ड्युटी बदलली की नव्या सिस्टर खाटेखाटेपाशी येऊन विचारतात, "सोबत कोण आहे?" उत्तर ऐकतात, मान हलवतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. ते उत्तर कुठेही लिहिलं जात नाही. माझ्या पाच वर्षांच्या लेकीचं यकृत बदललं, त्यानंतरच्या ३३ दिवसांत मी या प्रश्नाला रोज उत्तर दिलं. डिस्चार्जच्या दिवशी जी फाइल हातात आली तिच्यात सर्जनची नावं होती, भूलतज्ज्ञाचं होतं, आहारतज्ज्ञाचं होतं, किती पिशव्या रक्त चढवलं तेही होतं. त्या रात्री तिच्या उशाशी कोण होतं, याची एक ओळ नव्हती.

मला श्रेय हवं म्हणून हे लिहीत नाही. ही ओळ फाइलमध्ये नाही म्हणून त्या माणसाला झोपायला खाट नाही, त्याला औषधं शिकवायला कुणाची नेमणूक नाही, तो बोलला तर ते ऐकायची पद्धत नाही आणि तो कामावर गेला नाही तर त्याचा पगार कापला जातो. प्रत्यारोपण झालेल्या मुलाचे आईबाप हे उपचाराचा भाग असतात असं माझं म्हणणं आहे. रुग्णालयाने, मालकाने आणि कायद्याने त्यांना तसंच धरावं. बाकी सगळं या एका गोष्टीतून येतं.

प्रत्यारोपण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ऑपरेशन येतं. दिवे, मास्क, बर्फाच्या पेटीतून आणलेला अवयव. ऑपरेशन काही तासांचं असतं. खरी लढाई त्यानंतर सुरू होते, कारण शरीराला तो अवयव परका वाटतो आणि तो बाहेर टाकायला ते आयुष्यभर तयार असतं. यकृत बदललेल्या मुलाच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात मोठी भीती असते ती यकृताकडे जाणाऱ्या धमनीत गुठळी होण्याची. लहान मुलाची धमनी ती केवढी! म्हणून रोज डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी करतात आणि त्या मशिनमधून रक्ताचा सपसप आवाज आला की खोलीतल्या सगळ्यांचा श्वास खाली येतो. मग पित्त गळतंय का, ड्रेनमधून, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीतून, काय येतंय, ताप कशाचा. मग रिजेक्शन, म्हणजे शरीराने अवयव नाकारणं. ते टाळायला प्रतिकारशक्ती दाबायची, आणि ती दाबली की साधा सर्दीचा विषाणूसुद्धा शत्रू.

या सगळ्यात मूल काय करत असतं? रडत असतं, गप्प असतं, औषध थुंकत असतं, सुईवाल्या मावशी दिसल्या की पांघरुणात शिरत असतं. त्याला धरून कोण बसतं?

आमच्या लेकीला जन्मतःच पित्तनलिकेचा आजार होता, बिलिअरी अ‍ॅट्रेझिया. लहान मुलांचं यकृत बदलावं लागण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. दोन महिन्यांची असताना आतडं थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून देणारं कासाई ऑपरेशन झालं, त्यावर पाच वर्षं निघाली. मग तिच्या आईच्या यकृताचा डावीकडचा लहान भाग तिला बसवला. म्हणजे त्या दिवशी माझी दोन माणसं एकाच वेळी दोन ऑपरेशन थिएटरमध्ये होती. नंतर आई चौथ्या मजल्यावर, लेक दुसऱ्या मजल्यावरच्या आयसीयूत. तिथे भेटायची वेळ सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आत गेलो तर लेकीचे दोन्ही मनगट खाटेच्या कठड्याला बांधलेले होते. मऊ पट्ट्या होत्या, खाली कापूस होता, पण बांधलेलेच. तिने नाकातली नळी दोनदा ओढली होती आणि गळ्याजवळच्या लाईनला, मोठ्या शिरेत घातलेल्या नळीला, हात घातला होता. ती लाईन निघाली असती तर काय झालं असतं ते मला समजत होतं, म्हणून कुणावर राग काढावा असं काही नव्हतं. एका सिस्टरकडे दोन खाटा, दोन्ही मुलं नाजूक. मी विचारलं, मी हात धरून बसलो तर सोडता येतील का? वेळ संपली होती. रात्रपाळीच्या सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, गाऊन दिला आणि म्हणाली, "बसा. पण हात सोडायचे नाहीत." मी सकाळी सहापर्यंत ते दोन हात धरून बसलो. पट्ट्या पुन्हा लागल्या नाहीत. ती झोपेत दर थोड्या वेळाने बोटं आवळायची, मी आहे का ते पाहायला.

त्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही. पण माझा मुद्दा नेमका इथेच आहे. तिने ते स्वतःच्या जबाबदारीवर केलं. दुसरी कुणी असती, नियमाला धरून चालणारी, तर माझ्या मुलीचे हात रात्रभर बांधलेले राहिले असते आणि बाप दोन भिंतींपलीकडे बाकावर बसून राहिला असता. पाच वर्षांच्या मुलाचे हात बांधायचे की बापाला आत घ्यायचं, हे त्या रात्री ड्युटीवर कोण आहे यावर अवलंबून असता कामा नये.

आईबापांना बाहेर ठेवायचं कारण म्हणून नेहमी संसर्गाचं नाव घेतलं जातं. हे कारण जुनं आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या कित्येक रुग्णालयांत मुलांना आठवड्यातून एकदाच भेटता यायचं, काही ठिकाणी तेही नाही. भेटून गेले की मूल रडतं, म्हणून न भेटलेलंच बरं, असंही मानलं जायचं. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन या मानसोपचार क्षेत्रातल्या समाजसेवकाने लंडनमध्ये एका दोन वर्षांच्या मुलीचं रुग्णालयातलं वास्तव्य कॅमेऱ्यात टिपलं. छोट्या ऑपरेशनसाठी आलेली, आठ दिवस आईवेगळी. ती फार रडली नाही. रॉबर्टसन यांनी दाखवलं ते हेच की आईवेगळं झालेलं मूल आधी आक्रोश करतं, मग खचतं, मग अलिप्त होतं, आणि त्या शेवटच्या शांततेला वॉर्डातले लोक 'रुळलं' म्हणतात. सुरुवातीला डॉक्टरमंडळी चिडली. पण १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये रुग्णालयातल्या मुलांसाठी नेमलेल्या प्लॅट समितीचा अहवाल आला आणि मुलांना कधीही भेटू द्या, लहान मुलांच्या आयांना सोबत राहू द्या, असं त्यात स्पष्ट लिहिलं गेलं.

संसर्गाच्या मुद्द्याचं उत्तर तर त्याच्याही आधी मिळालं होतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला बालरोगतज्ज्ञ जेम्स स्पेन्स यांनी १९२०च्या दशकातच बाळांसोबत आयांना दाखल करून घ्यायला सुरुवात केली होती. न्यूझीलंडमध्ये सेसिली पिकरिल आणि हेन्री पिकरिल हे डॉक्टर दांपत्य दुभंगलेल्या ओठांच्या आणि टाळूच्या बाळांवर शस्त्रक्रिया करायचं. त्यांनी प्रत्येक बाळासोबत त्याची आई ठेवली आणि बाळाचं सगळं तिच्याकडूनच करून घेतलं. हेतू दयेचा कमी, जखमेत संसर्ग होऊ न देण्याचा जास्त होता. एका बाळाला एकाच माणसाचे हात लागले की एका खाटेवरचा जंतू दुसऱ्या खाटेवर जात नाही.

प्रत्यारोपणाच्या वॉर्डात काळजी जास्त घ्यावी लागते हे मी नाकारत नाही. बोन मॅरो बदललेल्या मुलाचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, शून्यावर असतात, खोलीतली हवासुद्धा गाळून घेतलेली असते. तिथे दहा नातेवाईक फळं घेऊन येऊन चालणार नाही. पण एक ठरलेला माणूस, हात धुवायला शिकवलेला, सर्दी झाली तर स्वतःहून दुसऱ्याला पाठवणारा, हा पाहुणा नसतो. बोन मॅरोच्या बऱ्याच केंद्रांनी हे ओळखलंय. तिथे आई किंवा बाप मुलाबरोबर त्या खोलीत आठवडेच्या आठवडे राहतात. शून्य काउंटच्या खोलीत जे चालतं ते इतर वॉर्डांत का चालू नये, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आता औषधांबद्दल. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण बाहेरच्या माणसाला याची कल्पना नसते.

शरीराने अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस नावाचं औषध देतात. जपानमधल्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते १९८४ मध्ये सापडलं. त्याने हजारो मुलांचे जीव वाचवले, पण ते फार नाजूक मापाचं औषध आहे. रक्तात थोडं कमी पडलं की रिजेक्शन, थोडं जास्त झालं की मूत्रपिंडाला इजा आणि हातांना कंप. म्हणून ते दर बारा तासांनी, घड्याळाच्या काट्यावर द्यायचं. रक्तातली त्याची लेव्हल पाहायची असेल त्या सकाळी रक्त आधी, डोस नंतर. सवयीने आधी डोस दिला तर तो रिपोर्ट फुकट, आणि त्या रिपोर्टवरून कुणी डोस कमी केला तर त्याहून वाईट. जुलाब झाले तर लेव्हल वाढते. बुरशीवरची काही औषधं, काही अँटिबायोटिक्स सुरू केली की वाढते, क्षयावरचं रिफॅम्पिसिन दिलं तर धाडकन उतरते. म्हणजे उद्या कुठल्याही साध्या दवाखान्यात सर्दीतापासाठी गेलं तर "हे औषध चालणार नाही" म्हणणारा माणूस बापच असणार. औषध दिल्यावर लगेच उलटी झाली तर डोस पुन्हा द्यायचा का, किती वेळात झाली तर द्यायचा, हेही त्यालाच विचारून लिहून ठेवावं लागतं.

हे सगळं मला कधी शिकवलं? डिस्चार्जच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, बिलाच्या खिडकीवरून परत आल्यावर, वीस मिनिटांत. सांगणारा तरुण मनापासून सांगत होता, पण त्याला अजून तीन डिस्चार्ज करायचे होते. माझ्या ३३ रात्रींची झोप अपुरी होती. कागदावर डोस १.२ मिलीग्रॅम लिहिला होता. मी सिरिंज घेतली आणि १.२ मिलीपर्यंत पातळ औषध ओढलं. बाटलीत एका मिलीत अर्धा मिलीग्रॅम औषध होतं, म्हणजे ओढायला हवं होतं २.४ मिली. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरचं सहज लक्ष गेलं म्हणून तिने हात धरला. नाहीतर मी घरी गेल्यावर रोज दोन वेळा, वेळेवर, अगदी प्रेमाने, माझ्या मुलीला निम्मं औषध दिलं असतं.

तिच्या आईने स्वतःचं पोट उघडून दिलेला तो तुकडा मी मिली आणि मिलीग्रॅमच्या गोंधळात घालवला असता. ही चूक माझीच होती. पण अशी चूक होऊ शकते हे आधीच माहीत असलेल्या लोकांनी मला ती टाळायला किती वेळ दिला, हेही विचारलं पाहिजे. मी ३३ दिवस त्या वॉर्डात रिकामा बसून होतो. पाचव्या दिवसापासून रोज एक डोस माझ्याकडून भरून घेतला असता, मला स्वतः करून दाखवायला सांगितलं असतं, चुकलो तर तिथेच सुधारलं असतं, तर तेहतिसाव्या दिवशी मी झोपेतसुद्धा बरोबर सिरिंज भरली असती. जिथे हे काम नेमून दिलेलं असतं, म्हणजे आईबापांना शिकवणं हीच एका परिचारिकेची जबाबदारी असते, तिथे शेवटच्या संध्याकाळची घाई होत नाही. घरी गेल्यावर हे काम डॉक्टर करणार नसतो. पुढची कितीतरी वर्षं रुग्णालयाने ते आईबापांवरच सोपवलेलं असतं. मग त्याची तयारीही रुग्णालयानेच करून घ्यायला हवी.

दुसरा मुद्दा ऐकण्याचा. एकोणिसाव्या दिवशी दुपारपासून लेक बदलली. ताप नव्हता. मॉनिटरवर सगळं ठीक. पण ती रंगवायचं पुस्तक उघडेना, तळवे खाजवत राहिली, मी आवडती गोष्ट सुरू केली तर मध्येच भिंतीकडे वळली. मी निवासी डॉक्टरांना सांगितलं, "आज ती तिच्यासारखी नाही." ते आले, पोट तपासलं, सकाळचे रिपोर्ट पाहिले, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम चांगले होते. "थकली असेल," म्हणाले. संध्याकाळी मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या रक्तात एन्झाइम कितीतरी पटींनी वर गेलेले होते. बायोप्सीत रिजेक्शन निघालं. तीन दिवस स्टिरॉइडचे मोठे डोस दिले आणि यकृत सावरलं. ते बारा-चौदा तास आधी कळलं असतं तर फार फरक पडला असता असं मी म्हणत नाही, बहुधा नसता पडला. पण प्रत्येक मुलाच्या बाबतीत नशीब असं साथ देत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०१३ पासून 'रायन्स रूल' आहे, इंग्लंडमधल्या रुग्णालयांत २०२४ पासून 'मार्थाज रूल' लागू होत गेला. दोन्ही नियमांना ज्यांची नावं आहेत ती मुलं गेली, आणि दोघांच्याही आईबापांनी वेळेवर सांगितलं होतं की काहीतरी बिघडतंय. या नियमांनुसार घरच्यांना वाटलं की प्रकृती ढासळतेय आणि वॉर्डातले लोक मनावर घेत नाहीत, तर त्यांना थेट दुसऱ्या पथकाकडून तातडीची तपासणी मागता येते. भांडावं लागत नाही, ओळख लागत नाही. एक फोन नंबर भिंतीवर असतो. "माझं मूल आज माझ्या मुलासारखं नाही" हे वाक्य तिथे तापमानाच्या आकड्यासारखं निरीक्षण धरलं जातं. मला हे अगदी बरोबर वाटतं. मॉनिटर त्या मुलाला तीन आठवडे ओळखत असतो, बाप पाच वर्षं. आणि हा अधिकार कागदावर असला म्हणजे डॉक्टरांनाही बरं. बापाचा आवाज चढायची वेळ येत नाही.

यावर परिचारिकांची एक शंका असते आणि ती मला रास्त वाटते. आईबाप उपचाराचा भाग म्हटले की उद्या व्यवस्थापन एक सिस्टर कमी करेल, पुसणं, भरवणं, लघवी मोजणं सगळं आईवर टाकेल. हे होतंही. म्हणून हे नीट सांगायला हवं: आई तिथे आई म्हणून हवी, बिनपगारी सिस्टर म्हणून नको. तिने हात धरावा, औषध शिकावं, काय बदललं ते सांगावं. ड्रेन रिकामा करणं, पंपाचा अलार्म वाजला की धावणं, हे काम तिचं नाही. आणि तिला खोलीबाहेर जाण्याचाही हक्क असला पाहिजे. "आई असून बाहेर कशी गेली" ही नजर मी वॉर्डात पाहिलीय. तीन रात्री जागलेल्या बाईने दोन तास बाहेर जाऊन झोपलंच पाहिजे, आणि तेवढा वेळ कुणी तिथे बसेल याची व्यवस्था असली पाहिजे. मुलाचं प्रत्यारोपण झालेल्या कितीतरी आईबापांना नंतर वर्षानुवर्षं झोपेत अलार्म ऐकू येतात, छातीत धडधडतं, फोन वाजला की हात कापतात. आघातानंतरचा ताण म्हणतात तो हाच. मुलासाठी समुपदेशक असतो; आईबापांना "खंबीर राहा" एवढंच सांगितलं जातं.

आणि पगार. आमच्या बाजूच्या खोलीत आठ वर्षांचा एक मुलगा होता, किडनी बदललेली. किडनी बदललेल्या मुलाला दिवसभर मोजून पाणी पाजावं लागतं, बाहेर किती गेलं ते मोजावं लागतं. त्याची आई एकटी, रोजावर काम करणारी. पहिला आठवडा ती होती, मग तिला जावं लागलं, कारण थोरलीचं पोटही होतंच. ती रात्री दहाला यायची. तो पोरगा साडेनऊपासून दाराकडे तोंड करून बसायचा, आणि दिवसभर कुणी पाणी दिलं की म्हणायचा, "आई आल्यावर पितो." सिस्टर समजावून, रागावून, शेवटी सलाईन वाढवून भागवायच्या. त्याच्या नव्या किडनीला ज्या पाण्याची गरज होती, ते त्याच्या आईच्या रोजंदारीशी बांधलेलं होतं. मला रजा मिळाली, कारण माझे साहेब भले होते. पोटाचा तुकडा काढून दिलेल्या माझ्या बायकोची रजा साध्या आजारपणात धरली गेली.

१९८८ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात युरोपातल्या संघटनांनी रुग्णालयातल्या मुलांच्या हक्कांची दहा कलमांची सनद केली. तिसऱ्या कलमात सोबत राहणाऱ्या आईबापांबद्दल लिहिलंय: सगळ्यांना राहायची सोय द्या, राहायला मदत करा, आणि त्यापायी त्यांच्यावर वेगळा खर्च किंवा उत्पन्नाचं नुकसान येऊ देऊ नका. सनद म्हणजे कायदा नव्हे, पण काही देशांनी तो अर्थ कायद्यात उतरवला. स्वीडनमध्ये मूल गंभीर आजारी असेल तर ते १८ वर्षांचं होईपर्यंत आईबापांच्या भरपाईच्या दिवसांना मर्यादा नाही. जर्मनीत २०२४ पासून १२ वर्षांखालच्या मुलासोबत वैद्यकीय कारणाने रुग्णालयात राहावं लागलं तर सार्वजनिक आरोग्य विम्यातून त्या सगळ्या दिवसांचा भत्ता मिळतो. याउलट अमेरिकेत १९९३च्या कायद्याने वर्षात १२ आठवडे रजा मिळते, नोकरी टिकते, पण त्या कायद्यात पगार नाही, आणि लहान आस्थापनांतल्या कामगारांना तीही नाही. बिनपगारी रजेचा हक्क त्या पोराच्या आईला काय कामाचा?

पैसा कुठून आणायचा, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की प्रत्यारोपण हा वैद्यकातला अतिशय महागडा उपचार आहे. नाकारला गेलेला अवयव म्हणजे, किडनी असेल तर, पुन्हा डायलिसिस, पुन्हा यादीत नाव, पुन्हा दाता. त्या खर्चापुढे एका माणसाचा काही आठवड्यांचा पगार आणि खोलीतली एक खाट ही रक्कम मांडायला कुणी बसलं, तर मला निकालाची भीती वाटत नाही.

या क्षेत्राचा इतिहाससुद्धा आईबापांपासूनच सुरू होतो. १९५२च्या नाताळात पॅरिसच्या नेकर रुग्णालयात सोळा वर्षांच्या मुलाला त्याच्या आईने किडनी दिली. एकच किडनी होती त्याला, ती अपघातात फुटली होती. आईची किडनी तीन आठवडे चालली, मग शरीराने नाकारली, मुलगा गेला. तेव्हा टॅक्रोलिमस नव्हतं, काहीच नव्हतं, तरी आईने दिली. यकृत बदलण्याचा पहिला प्रयत्न १९६३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला सर्जन थॉमस स्टार्झल यांनी केला, तो तीन वर्षांच्या मुलावर. तेही मूल वाचलं नाही. १९८९ मध्ये शिकागोत एका आईच्या यकृताचा भाग तिच्या लहान मुलीला बसवला गेला आणि ती जगली. माझी लेक त्याच वाटेने आलीय. दाते म्हणून आईबापांची नोंद पहिल्या दिवसापासून आहे. किती ग्रॅम यकृत दिलं हे दशांशात लिहिलेलं असतं.

एक गोष्ट आमच्या पुढ्यात अजून यायची आहे. किडनी बदललेल्या मुलांमध्ये अवयव गमावण्याचा धोका सगळ्यात जास्त १७ ते २४ या वयात दिसतो. तोवर आईने आठवण करून दिलेली असते, बापाने सिरिंज भरलेली असते, आणि मग एक दिवस मूल घराबाहेर पडतं. म्हणून आम्ही आत्तापासून थोडं थोडं तिच्या हातात देतोय. ती सात वर्षांची आहे. तपासणीला गेलो की बाही वर करून रक्त घेणाऱ्या मावशींना आधी सांगते, "डोस अजून घेतला नाहीये हं."

मागच्या खेपेला तिचं रक्त घेत असताना बाकावर शेजारी एक बाप बसला होता. त्याच्या मुलाला पुढच्या आठवड्यात दाखल करायचं होतं. मला वाटलं तो ऑपरेशनबद्दल विचारेल, किती दिवस लागतात, जगतात का सगळी. त्याने आधी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "रात्री आपण झोपायचं कुठे?" वॉर्डात मी ज्या खुर्चीवर रात्री काढल्या, तीच अजून आहे. मी त्याला सांगितलं, डाव्या हाताखाली एक खटका आहे, तो दाबून धरायचा आणि पाठ मागे रेटायची, म्हणजे ती उघडते. पूर्ण सपाट होत नाही. खाटेच्या उजव्या बाजूला लावा, तिकडे पंप नसतो, मुलाचा हात धरता येतो.